स्कूटरचा पिकअप गेलाय? आधी कान लावा, मग पाना उचला

सिग्नल सुटतो, तुम्ही मूठ पिळता, इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र रेंगाळत पुढे सरकते. किंवा आवाजच चढत नाही, गाडी घुसमटल्यासारखी घरघरत राहते. दोन्ही वेळा आपण एकच वाक्य म्हणतो, ‘पिकअप गेलाय’. पण या दोन तक्रारींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो, आणि नव्या माणसाचे पैसे नेमके इथेच वाया जातात. कुणी प्लग बदलायला सांगतं, कुणी कार्बोरेटर साफ करायला, कुणी बेल्ट टाकायला. सगळं करून झाल्यावर कळतं की मागचा ब्रेक चिकटत होता.

म्हणून सुटे भाग बदलायची घाई करू नका. ५० ते १२५ सीसीच्या बिनगिअरच्या स्कूटरवर दोष शोधायचा एक ठरलेला क्रम आहे. तो पाळला तर बरीचशी कारणं साध्या हत्यारांनी, एका सुट्टीच्या सकाळी सापडतात.

गाडीत ताकद कशी वाहते

इंजिनच्या क्रँकशाफ्टवर पुढची पुली असते. तिच्या दोन तबकड्यांमध्ये बेल्ट बसतो आणि एका तबकडीच्या मागे रोलर असतात, बहुतेक गाड्यांत सहा. या सगळ्या जोडणीला व्हेरिएटर म्हणतात. इंजिनचे फेरे वाढले की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, तबकडीला दाबतात आणि दोन तबकड्यांच्या चिमटीत सापडलेला बेल्ट पुलीच्या कडेकडे चढतो. मागच्या पुलीत एक जाड स्प्रिंग असतो. पुढे बेल्ट वर चढला की मागे तो आत उतरतो. म्हणजे सायकलवर आपण एकेक करून जड गिअर टाकत जातो, तेच इथे आपोआप आणि सलग होतं.

मागच्या पुलीला लागूनच क्लच आहे. आयडलवर, म्हणजे मूठ न पिळता इंजिन नुसतं चालू असताना, त्याचे शू (अस्तर लावलेले तुकडे) आत मिटलेले असतात. फेरे वाढले की ते बाहेर फाकतात आणि क्लच बेलला, म्हणजे भोवतीच्या वाटीला, आतून धरतात. तिथून गिअरबॉक्स आणि मग चाक.

याचा अर्थ प्रश्न तीनच उरतात. इंजिन ताकद तयार करतंय का? ती चाकापर्यंत पोहोचतेय का? आणि चाकाला कुणी मागे ओढतंय का?

पायरी पहिली : गाडी चालवून ऐका

इंजिन नीट गरम होऊ द्या. मोकळा, सपाट रस्ता निवडा. थांबलेल्या गाडीवरून मूठ पूर्ण पिळा आणि आवाज व वेग यांचं नातं ऐका.

आवाज झपाट्याने चढला पण वेग मागे राहिला, तर इंजिन ठीक आहे आणि ताकद वाटेत सांडतेय. बेल्ट किंवा क्लच घसरतोय. असं असेल तर प्लग आणि कार्बोरेटरच्या नादी लागू नका, थेट सातव्या पायरीवर जा.

आवाज चढतच नाही, गाडी दबते, मध्येच मिसिंग मारते, मूठ थोडी सैल सोडली की उलट बरी पळते, अशी लक्षणं असतील तर हवा, पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी कुठेतरी खोट आहे.

आवाज सुरुवातीपासून खोल आणि जड, जणू चढावर चुकीच्या गिअरमध्ये गाडी उचलतोय असा, आणि एकदा वेग धरला की सगळं सुरळीत? मग व्हेरिएटर अडकलाय, मागचा स्प्रिंग सैल झालाय किंवा क्लचचे स्प्रिंग मेलेत.

आणि आवाज नेहमीसारखा, पण मूठ सोडल्यावर गाडी घरंगळत न जाता लगेच मंदावते? मग ब्रेक किंवा टायर.

ही चाचणी करताना आणखी दोन गोष्टी आठवा. दोष हळूहळू वाढला की अचानक आला? हळूहळू आला असेल तर झीज किंवा घाण. अचानक आला असेल तर काहीतरी तुटलं, सुटलं किंवा अडकलं. दुसरं, गाडी थंड असताना त्रास जास्त होतो की गरम झाल्यावर? हे कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला उपयोगी पडेल.

काही गाड्या आजारी नसतातच. उंचीवर हवा विरळ होते. समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर हवेची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते, आणि तेवढीच इंजिनची ताकदही. डोंगरावर गेल्यावर गाडी ओढत नसेल तर पाना उचलण्याआधी हे लक्षात घ्या. शिवाय ५० सीसीच्या अनेक गाड्यांना कायद्यानेच वेगाची मर्यादा असते, युरोपीय संघात ती ताशी ४५ किलोमीटर आहे. अशा गाडीच्या व्हेरिएटरमध्ये बेल्ट पूर्ण वर चढू नये म्हणून कंपनीनेच एक कडी घातलेली असू शकते. तो दोष नव्हे.

पायरी दुसरी : चाकं मोकळी आहेत का

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारीही हीच.

टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजा. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. बोटाने दाबून अंदाज घेऊ नका. छोट्या चाकात हवा थोडी कमी झाली तरी गाडी जड होते.

मग इंजिन बंद ठेवून गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. गिअरबॉक्समुळे थोडा जडपणा लागेल, तो नैसर्गिक आहे. पण खर्र-खर्र आवाज येत असेल, किंवा एका विशिष्ट जागी चाक अडत असेल, तर ब्रेक लायनर ड्रमला घासतोय. पुढचं चाकही उचलून असंच पाहा. ज्या गाड्यांत डावा लिव्हर दोन्ही ब्रेक एकत्र लावतो, तिथे केबल जास्त ताणली तर दोन्ही चाकं एकदम अडतात. लिव्हरला ब्रेक लागण्याआधी पुस्तिकेत सांगितलेला मोकळा खेळ हवाच. ड्रम ब्रेकला तो साधारण १० ते २० मिलिमीटर असतो.

खात्रीसाठी पाच-दहा मिनिटं ब्रेक शक्य तितका कमी वापरून गाडी चालवा, सुरक्षित जागी थांबा आणि ड्रमजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. धग जाणवली तर चोर सापडला. ब्रेकचा कॅम (लायनर बाहेर ढकलणारा दांडा) गंजला असेल तर केबल सैल करूनही भागत नाही, तो काढून साफ करून वंगण द्यावं लागतं. वंगण लायनरला लागू देऊ नका.

पायरी तिसरी : मूठ पूर्ण उघडतेय का

इंजिन बंद ठेवून मूठ शेवटपर्यंत पिळा आणि सोडा. ती खटकन परत आली पाहिजे. मुठीपाशी २ ते ६ मिलिमीटरचा मोकळा खेळ बहुतेक गाड्यांत ठीक धरतात. खेळ त्याहून बराच जास्त असेल तर तुम्ही मूठ पूर्ण पिळली तरी कार्बोरेटर पूर्ण उघडत नाही, आणि गाडी कायम अर्ध्या दमाने चालते. केबलच्या दुसऱ्या टोकाला, कार्बोरेटरवरच्या चकतीकडे पाहत कुणाला तरी मूठ पिळायला सांगा. चकती शेवटच्या अडणीला टेकते की नाही, ते डोळ्यांनी दिसतं.

पायरी चौथी : हवा

एअर फिल्टरचं झाकण चार-सहा स्क्रूंनी बसवलेलं असतं. फिल्टर बाहेर काढा. कोरडा कागदी असेल तर उजेडासमोर धरा, घड्यांमधून उजेड दिसला पाहिजे. तेल लावलेला कागदी फिल्टर असेल, हाताला चिकट लागतो तो, तर त्याला हवा मारून साफ करू नका. त्यावरचं तेलच धूळ पकडत असतं. तो मुदत संपली की बदलायचाच. स्पंजचा फिल्टर मात्र साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळवटून न काढता नुसता दाबून, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल लावून परत वापरता येतो.

फिल्टरच्या डब्याखाली एक छोटी नळी असते, तिच्यात तेलपाणी साठतं. तीही रिकामी करा.

फिल्टर काढून गाडी ‘जरा बरी पळते का’ हे पाहायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. शिवाय फिल्टर नसला की कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचं प्रमाण घटतं, त्यामुळे चाचणीचा निकालही फसवा येतो.

पायरी पाचवी : प्लग

इंजिन थंड असतानाच प्लग काढा, नाहीतर हेडचे आटे खराब होण्याची भीती असते. आधी भोवतालची माती ब्रशने झाडून घ्या, म्हणजे ती आत पडणार नाही. मग टोक नीट पाहा. चिनीमातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइल जळतंय. पांढराफटक आणि भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. तशी गाडी फार पिळत राहू नका, पिस्टनवर बेतू शकतं.

टोकाचा गॅप (ठिणगीची फट) फीलर गेजने, म्हणजे पातळ पट्ट्यांच्या मापाने, मोजा, आकडा पुस्तिकेतला घ्या. प्लग परत बसवताना आधी पूर्ण हातानेच फिरवा. सुरुवातीपासून पाना लावला आणि प्लग तिरका बसला, तर हेडचं काम निघतं. नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो, जुना असेल तर पाव फेऱ्याच्या आत. प्लगची टोपी सैल आहे का, तेही बघा. पावसात किंवा धुतल्यावर मिसिंग मारणाऱ्या गाडीत ही टोपी आणि वायर पहिल्या संशयित.

पायरी सहावी : पेट्रोल

उघडं पेट्रोल हाताळायचं आहे. हवेशीर जागा, गार इंजिन, आसपास ज्योत किंवा ठिणगी नाही, एवढं सांभाळाच.

टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक वाट असते. ती बुजली तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरेनासं होतं. लक्षण ठरलेलं आहे. गाडी काही वेळ छान चालते, मग दबत जाते, आणि थोडं थांबलं की पुन्हा ठीक. अशा वेळी झाकण उघडा. सुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दुसरं काही शोधायची गरज नाही.

अनेक स्कूटरचा पेट्रोल कॉक इंजिनच्या खेचीवर उघडतो. त्याला एक जाड पेट्रोलची आणि एक बारीक व्हॅक्यूमची नळी असते. बारीक नळी काढून आत पाहा. ती कोरडी हवी. तिच्यात पेट्रोल दिसलं तर कॉकमधला रबरी पडदा फाटलाय आणि इंजिन तिथून जास्तीचं पेट्रोल पितंय. काळा प्लग आणि वाढलेला पेट्रोलचा खर्च यांचं गूढ कितीदा तरी तिथेच उकलतं.

गाडी दोन-चार महिने उभी होती? मग जुनं पेट्रोल काढून टाका आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तळातला गाळ स्वच्छ बाटलीत उतरवा. बाटलीच्या तळाशी पाण्याचे वेगळे थेंब दिसतात का पाहा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर ओलावा गेला की पाणी खाली बसतं.

कार्बोरेटर उघडायची वेळ आलीच, तर कुठे पाहायचं हे तक्रारीवरून ठरवा. आयडल डगमगतंय आणि मूठ जराशी उघडताच गाडी दबते, तर स्लो जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी). पूर्ण मूठ पिळल्यावरच दम जातो, तर मेन जेट. मधल्या टप्प्यात अडखळते, तर सुई आणि ती धरणारी, वरखाली सरकणारी स्लाइड. चार-स्ट्रोक स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये वरच्या झाकणाखाली पातळ रबरी पडदा असतो, स्लाइड त्याच्याच जोरावर उचलली जाते. तो हलक्या हाताने ताणून उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी स्लाइड पुरती उचलत नाही आणि गाडी एका ठरावीक वेगाच्या पुढे हटून बसते. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा पुरेशी आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी तुकडा वाकवून बघा, तिथे भेगा असल्या तर फुकटची हवा आत जाते.

गाडी गरम झाल्यावर जास्त दबत असेल आणि धुराला कच्च्या पेट्रोलचा वास असेल, तर ऑटो चोक, म्हणजे थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल देणारा भाग, अडकलेला असू शकतो. तो काही मिनिटांत आपोआप बंद व्हायला हवा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे सगळं नसतं. तिथे चावी फिरवल्यावर पंपाचा एक-दोन सेकंद घुं आवाज येतो का ऐका, इंजिनचा पिवळा दिवा चालू असतानाही पेटून राहतो का पाहा, आणि दिवा पेटत असेल तर दोषाचा कोड वाचून घ्या. अंदाजाने सेन्सर बदलू नका.

पायरी सातवी : बेल्टचं झाकण

माझ्या मते नव्या माणसाने इथे सर्वाधिक वेळ द्यावा. पिकअपची सगळी गंमत या झाकणाआड आहे, आणि रोजच्या चालवण्यात सतत झिजणारे भागही इथेच आहेत.

झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घातला की केसिंग फुटतं. आतली काळी भुकटी हवा मारून उडवू नका. तोंडाला मास्क बांधा आणि ओल्या फडक्याने पुसा.

बेल्ट काढण्याआधी एक चाचणी कराच. पुढच्या पुलीच्या बाहेरच्या तबकडीवर, बेल्ट टेकतो त्या आतल्या बाजूने, केंद्रापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. झाकण लावा, गाडी पूर्ण वेगाला नेऊन परत आणा, झाकण पुन्हा उघडा. बेल्ट जिथपर्यंत चढला, तिथपर्यंत रेघ पुसलेली असेल. कडेच्या अगदी जवळपर्यंत पुसली गेली तर व्हेरिएटर पूर्ण काम करतोय. कडेला रेघेचा बराच तुकडा शिल्लक राहिला, तर बेल्ट झिजून अरुंद झालाय, रोलर चपटे झालेत किंवा तबकडी बुशवर, म्हणजे ती ज्यावर सरकते त्या मधल्या नळीवर, अडकतेय.

आता बेल्ट. त्याची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडा. नुसत्या नजरेने बेल्ट चांगला वाटतो, पण एक-दोन मिलिमीटरची झीजही खूप असते. उलटा वाकवून दातांच्या मुळाशी भेगा पाहा. बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतोय. बेल्टवर तेल दिसलं तर बेल्ट बदलून उपयोग नाही, आधी क्रँकशाफ्टचं किंवा गिअरबॉक्सचं ऑइल सील बघा.

रोलर तळहातावर घेऊन एकेक फिरवा. गोल असायला हवेत. एका बाजूला सपाट झालेला रोलर घरंगळत नाही, अडतो, आणि गाडी एका वेगावर अडखळून मग झटक्याने पुढे जाते. बदलायचे तर पूर्ण संच, आणि मूळ वजनाचाच. हलके रोलर टाकले की इंजिन जास्त फेऱ्यांवर राहतं, त्यामुळे गाडी चपळ वाटते हे खरं. पण बिघडलेल्या गाडीवर तो उपाय करू नये. मूळ दोष झाकला जातो, पेट्रोल जास्त लागतं आणि बेल्ट लवकर जातो. आधी गाडी कंपनीच्या मोजमापावर आणा.

क्लचकडे वळा. बेल आतून निळसर झाली असेल तर क्लच घसरून तापलाय. शूंवर चकाकी आली असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढता येते, पण अस्तर मर्यादेखाली गेलं असेल तर शू बदलाच. क्लचचे छोटे स्प्रिंग सैल पडले की शू कमी फेऱ्यांवरच बेल पकडतात आणि इंजिनला दम धरायच्या आत ओझं उचलावं लागतं. मेन स्टँडवर आयडलला मागचं चाक हळूहळू फिरणं चालतं. ते जोरात फिरत असेल तर आयडल जास्त आहे किंवा हे स्प्रिंग गेलेत.

जोडताना सर्वात जास्त घोळ एका जागी होतो. बेल्ट मागच्या पुलीत हाताने दाबून खोल उतरवा, म्हणजे पुढे तो सैल राहील. पुढे बेल्ट ताणलेला असेल तर तो तबकडी आणि मधल्या बुशच्या फटीत चिमटतो. नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण खरं तर बेल्टवर आवळलेला असतो. चार किलोमीटर गेल्यावर तो सैल होतो आणि तबकडी क्रँकशाफ्टचे दाते खाऊन टाकते. म्हणून नट बसवल्यावर तबकडी बुशला टेकलीय याची खात्री करा, पुली हाताने काही फेरे फिरवा आणि मगच टॉर्क रेंचने आवळा. पुली धरून ठेवायला तिचं हत्यार वापरा. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवला तर पाती मोडतात. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा. आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जागा सोडून इथे कुठेही ग्रीस लावू नका.

पायरी आठवी : सायलेन्सर

दोन-स्ट्रोक गाडीत ऑइल जळून सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बनचा थर बसतो. धूर बाहेर पडेना की नवा धूर कोंडतो आणि गाडी गुदमरते. चार-स्ट्रोकमध्ये हे क्वचित होतं, पण उभ्या गाडीच्या नळकांड्यात माती किंवा किडे घर करतात. इंजिन चालू असताना मागे हाताने, लांबून, झोत जाणवतो का पाहा.

पायरी नववी : इंजिनचं पोट

इथवर सगळं ठीक निघालं तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). इंजिन ऑइलची पातळी आधी बघा. कमी असणं वाईट, आणि खुणेच्या वर भरलेलंही वाईट. टॅपेटचा गॅप इंजिन थंड असताना मोजतात. तो फार कमी झाला तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो आणि गाडी थंड असताना बरी, गरम झाल्यावर मेलेली अशी वागते. पहिल्या पायरीत लिहून ठेवलेलं इथे कामाला येतं.

कॉम्प्रेशन गेज मिळाला तर प्लगच्या जागी लावा, मूठ पूर्ण उघडी ठेवा आणि स्टार्टर काही सेकंद फिरवा. आकडा पुस्तिकेपेक्षा बराच कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडर झिजलाय, निळसर धूर आणि तेलकट प्लगही त्याच्याच बाजूने साक्ष देतील. आकडा हललाच नाही तर दाब व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या गॅस्केटमधून जातोय. दोन्ही कामं इंजिन उघडण्याची आहेत, ती जाणत्या मेकॅनिककडेच द्या. त्याला नुसतं ‘पिकअप नाही’ असं सांगू नका. दोन्ही वेळचे कॉम्प्रेशनचे आकडे, प्लगचा रंग, बेल्टची रुंदी आणि मार्करची रेघ कुठवर पुसली, हे सगळं लिहिलेला कागद त्याच्या हातात ठेवा.